जुनी मिलिटरी जीप बंद पडली तर आधी करंट बघा, मग पेट्रोल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लिलावातून आलेल्या जुन्या मिलिटरी गाड्या अजून चालत्या आहेत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आणि गावोगाव निवृत्त जवान, त्यामुळे जीप म्हटलं की इथल्या माणसाला तिचा जिव्हाळा वाटतो. दुःख एवढंच की गाडी जराशी अडखळली की पहिला हात जातो पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरवर. तो उघडला जातो, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) फुंकली जातात, स्क्रू फिरवले जातात, आणि मूळ दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागात, तसाच राहतो. आता एकाच्या जागी दोन बिघाड झालेले असतात. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: दोष इंधनाचा की करंटचा हे पक्कं ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

इथे मी पेट्रोल गाड्यांबद्दलच लिहितोय. दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्ड जीप, १९५३ साली आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी, आणि जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली जोंगा. पहिल्या दोन्हींत २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. फरक असा की सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो, म्हणून इंजिन उंच आणि म्हणून बॉनेट उंच. जोंगात निस्सानचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन. तपासण्याची रीत तिन्हींना सारखीच लागू पडते.

हाताशी काय हवं

टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, फीलर गेज, एक चांगला जादा स्पार्क प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडमीट करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) घासायची बारीक कानस, आणि पेट्रोल धरायला झाकणाची बाटली. टायमिंग लाइट असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. आग विझवायचा सिलिंडर मात्र हवाच. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते हे कायम लक्षात ठेवा. पेट्रोलची लाइन उघडण्याआधी बॅटरीची अर्थिंगची तार काढायची. नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. सुरू होत नसलेल्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा नाही. बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट त्या बाटलीकडे येते.

गाडी कशी बंद पडली?

हा प्रश्न मालकाला नीट विचारा, अर्धं निदान तिथेच होतं. चालता चालता चावी फिरवून बंद करावी तशी एकदम बंद पडली असेल तर संशय करंटवर घ्या. आचके देत, ताकद कमी होत, अॅक्सिलरेटर दाबला की अजूनच मरगळत थांबली असेल तर पेट्रोलवर. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावल्यावर मिस मारते आणि सपाटीवर गुळगुळीत चालते, तर बहुतेक वेळा प्लग, वायर किंवा कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवणारा भाग). लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल तिथे उघडी पडते.

सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील तर न जळलेलं मिश्रण बाहेर पडतंय, म्हणजे मध्ये मध्ये करंट तुटतोय, नाहीतर मिश्रण जाड आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. उलट कार्ब्युरेटरमधून फुसफुस आणि खोकला येत असेल तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हललंय किंवा प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झालीय.

सर्वांत फसवा दोष म्हणजे गरम झाल्यावर बंद, वीस मिनिटं थांबल्यावर चालू. हे कॉइलमुळे होतं, कंडेन्सरमुळे (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा डबा) होतं आणि व्हेपर लॉकमुळेही (उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन अडणं) होतं. यात गाडी बंद पडलेल्या त्या क्षणीच तपासणी करावी लागते, थंड झाल्यावर सगळंच ठीक दिसतं. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटलची दांडी हाताने जोरात हलवा. पेट्रोलची बारीक धार आत पडली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे. धार नसेल तर पेट्रोल पोचलेलं नाही, किंवा अॅक्सिलरेटर पंपाचं चामडं वाळलंय. मग दोन पावलं बाजूला होऊन ठिणगी बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

बॅटरी आणि अर्थिंग

आधी व्होल्टेज कोणतं ते ठरवा. महायुद्धातल्या जीप मुळात ६ व्होल्टच्या, पुढे कित्येक गाड्या १२ वर बदलल्या गेल्या, आणि काही मिलिटरी मॉडेल २४ व्होल्टची आहेत. २४ व्होल्टच्या गाडीला बाजारातली १२ व्होल्टची कॉइल लावली तर ती जळणारच. ६ व्होल्टच्या गाडीला स्टार्टरच्या तारा मुळात जाड होत्या. कुणी तिथे आजच्या कारच्या बारीक तारा घातल्या असतील तर सेल्फ रडतो आणि कॉइलपर्यंत करंट उरतच नाही.

मिलिटरी गाडीचा एक खास आजार म्हणजे रंग. सेवेत असताना ब्रशने हिरव्या रंगाचे थरावर थर चढलेले असतात आणि अर्थिंगच्या पट्ट्या त्या रंगावरच बसवलेल्या असतात. इंजिन ते चासी, चासी ते बॉडी, बॅटरी ते चासी, अशी प्रत्येक जागा उघडा, धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे 'भुताटकीचे' दोष इथेच संपतात असा माझा ठाम अनुभव आहे.

वायरलेससाठी बसवलेल्या गाड्यांत रेडिओचा खरखराट थांबवणारे फिल्टरही असतात. इग्निशनच्या तारेवरचा असा फिल्टर आतून शॉर्ट झाला तर चावी चालू असूनही कॉइल कोरडी राहते. तपासताना तो बाजूला काढून तार सरळ जोडा. गाडी सुरू झाली तर चोर सापडला.

१२ व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ दाखवते. सेल्फ मारताना कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर ९.५ च्या खाली जात असेल तर ठिणगीला दोष देण्याआधी बॅटरी आणि तारा बघा.

ठिणगी: टेस्ट लॅम्पने सहा मिनिटांत

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली मधली जाड वायर काढा, तिला जादा प्लग लावा आणि प्लगचं अंग क्लिपच्या वायरने ब्लॉकला जोडा. कार्ब्युरेटरपासून लांब. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. बारीक, पिवळट-केशरी ठिणगी म्हणजे अपुरा करंट. अशी ठिणगी उघड्यावर दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते.

इथे चांगली ठिणगी आहे पण प्लगपर्यंत पोचत नाही, तर कॅप किंवा रोटर (कॅपखाली फिरून करंट वाटणारा तुकडा). कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला, घासून उपयोग नाही. मधला कार्बनचा दांडा स्प्रिंगवर हलतोय का बघा.

मधल्या वायरलाच ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. चावी चालू, लॅम्पची क्लिप ब्लॉकला, टोक कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर. लागत नसेल तर चूक चावी, अॅमीटर, फिल्टर किंवा तारेत. लागत असेल तर टोक डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर न्या आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडे तेव्हा चालू, मिटलेले तेव्हा बंद.

कायम चालूच राहत असेल तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांवर तेलाचा थर आहे किंवा डिस्ट्रिब्युटरला अर्थिंग नाही. अजिबात लागत नसेल तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार कॉइलवरून सोडा. आता लागला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. कंडेन्सर फुटलेला असेल, किंवा पॉइंटच्या बोल्टखालचा इन्सुलेटिंग वॉशर कुणीतरी उलटा बसवलेला असेल. तरीही लागला नाही तर कॉइल तुटली.

लुकलुकतोय पण ठिणगी मरतुकडी, तर आधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे आणि पटकन खराब होतो. त्याची खूण पॉइंटवर दिसते: चांगले पॉइंट राखाडी-पांढरे असतात, निळे-काळे जळलेले आणि एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकाड असतील तर कंडेन्सरने दगा दिलाय. कंडेन्सर बदलूनही फरक नसेल तर कॉइल. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत असले तर कॉइल काही मिनिटांत हाताला चटके देते आणि आतून खराब होते.

पॉइंट, प्लग, टायमिंग

चार सिलिंडरच्या जीपला पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण ०.५ मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.०३० इंच, म्हणजे ०.७५ मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. जोंगाची १-५-३-६-२-४, तिचे बाकी आकडे तिच्या मॅन्युअलमधून घ्या, जीपचे लावू नका.

पॉइंट कानशीने हलके घासा, पॉलिश पेपरने नको, त्याची वाळू पॉइंटमध्ये रुतून बसते. नंतर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढा, काळं यायचं थांबेपर्यंत. इंजिन हळूहळू फिरवून पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमच्या टोकावर आणा आणि तिथेच गॅप लावा. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस हवं. ते नसेल तर ठोकळा झिजतो, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, आणि काही महिन्यांनी गाडी 'दमली' असं मालक म्हणायला लागतो.

आता डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी धरून बाजूला हलवा. खेळ जाणवत असेल तर गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडणार, कितीही मन लावून सेट करा. त्याचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बांगडी) नवा करावा लागतो, आणि त्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. उद्यमबागेत लेथवर अचूक काम करणारी माणसं आहेत. मूळ शाफ्ट सोबत न्या, नुसतं माप सांगून काम देऊ नका. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल शाफ्टचंही तेच.

टायमिंग लाइटशिवाय टायमिंग असं लावा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि हँडलने इंजिन फिरवा. हवेचा दाब अंगठा ढकलू लागला की तो कॉम्प्रेशनचा फेर. तसंच हळू फिरवत टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेच्या) आधी ५ अंशांची खूण जुळवा. ही खूण जुन्या इंजिनात फ्लायव्हीलवर, बेल हाउसिंगच्या झरोक्यातून दिसते. काही इंजिनात ती पुढे पुलीपाशी असते. आता रोटर कॅपच्या एक नंबरच्या खुंटीकडे बघत असला पाहिजे. टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा, चावी चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा. बॉडी आधी रोटरच्या दिशेने फिरवा, म्हणजे पॉइंट मिटतील आणि लॅम्प विझेल. मग अगदी सावकाश उलट दिशेने आणा. लॅम्प ज्या क्षणी लागतो तिथे थांबा आणि क्लॅम्प आवळा. आवळताना बॉडी हलते, म्हणून एकदा पुन्हा पडताळा.

खुणा जुळल्या, गॅप बरोबर, तरी वेगात दम नाही, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली अॅडव्हान्सची वजनं गंजून चिकटलेली असतात. रोटर बोटाने थोडा फिरवून सोडा, तो स्प्रिंगने परत आला पाहिजे.

पेट्रोल: टाकीपासून पुढे

ठिणगी पक्की असल्याची खात्री झाली की मगच इकडे या. पेट्रोलची नळी उघडी ठेवून सेल्फ मारायचा असेल तेव्हा कॉइलची जाड वायर काढून ब्लॉकला घट्ट जोडून ठेवा, म्हणजे सेल्फ मारताना कुठे ठिणगी उडणार नाही.

टाकीत काठी घालून पेट्रोल किती आहे बघा, काट्यावर विसंबू नका. मग टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, आणि दहा-पंधरा मिनिटं नीट चालून गाडी गुदमरते. बंद पडताच झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा सूं आवाज आला तर दुरुस्ती म्हणजे फक्त ते भोक साफ करणं.

पंपाच्या आधीची लाइन हा लपंडावाचा भाग आहे. तिथे पंप ओढतो, ढकलत नाही, म्हणून चीर पडली तरी पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ. जुन्या रबरी नळ्यांचे तुकडे न बघता बदला. खात्री करायची असेल तर गाडी उभी असताना एका स्वच्छ कॅनमधून वेगळ्या नळीने पंपाला पेट्रोल द्या. इंजिन सुधारलं तर दोष पंपाच्या मागे, टाकी किंवा लाइनमध्ये.

मेस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात त्या डायफ्रामच्या पंपाची बाहेरची नळी सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. प्रत्येक ठोक्याला जोमदार पिचकारी यायला हवी. हाताची दांडी असलेला पंप दांडीने तपासता येतो. दांडी ढिली लागली तर पंप खराब ठरवू नका, आतला कॅम उंचावर थांबलेला असेल, इंजिन अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. पंपाच्या काचेच्या वाटीत तांबडा गाळ साचला असेल तर टाकी गंजलेली आहे, आणि टाकी धुतल्याशिवाय जेट कितीही फुंकली तरी आठवड्यात पुन्हा तेच. रिकामी टाकी वेल्डिंगला कधीच नेऊ नका, आतली वाफ स्फोट करते. ती पूर्ण वाफमुक्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या.

एवढं सगळं झालं, पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पोचतंय, तर आता तो उघडायला हरकत नाही. नीडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) आणि तिची बैठक, तिला उघडमीट करणाऱ्या तरंगत्या फ्लोटची उंची, जेट. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. गरम पाण्यात बुडवलात की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. जेटमध्ये तार घालू नका, हवेने फुंका. थ्रॉटल शाफ्ट झिजला असेल तर तिथून हवा आत जाते आणि स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग) कधीच स्थिर राहत नाही. इंजिन चालू असताना शाफ्टच्या टोकांना ब्रशने थोडं ऑइल लावा. आवाज क्षणभर सुधारला तर बुश करायची वेळ आली.

ई२० पेट्रोल

ही अडचण या गाड्या बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नव्हती. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आपल्या भागातल्या उसापासूनही ते इथेनॉल बनतं, शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. जीप त्याला जुळवून घ्यावी लागते. जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा मऊ पडतं, म्हणून पंपाचा डायफ्राम, नळ्या आणि नीडलचं रबरी टोक इथेनॉल चालणाऱ्या मालाचंच घ्या. टाकीच्या भिंतींवरचा जुना थर ते सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून टाकतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर वारंवार बदलावा लागतो. आणि मिश्रण पातळ होतं: साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२०ला सुमारे १३.५. प्लग पांढरे पडत असतील आणि गाडी चढावर खोकत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा.

इथेनॉल पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपुढे ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप पहिल्यांदा तेच ओढतो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. चार महिन्यांनी सुरू होत नसलेल्या गाडीच्या तळाचं थोडं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले तर सगळं काढून टाका.

घाट आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये गोव्याकडून चोर्ला घाट चढताना व्हेपर लॉक होणं नवल नाही. हरिकेन इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असते आणि कार्ब्युरेटर तापलेल्या हेडवर बसतो. इथेनॉलचं पेट्रोल लवकर उकळतं. वाटेत झालं तर बॉनेट उघडा, पंप आणि लाइनवर ओलं फडकं गुंडाळा आणि थांबा. कायमचा उपाय म्हणजे लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या, मध्ये पत्र्याचा आडोसा करा, आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड गॅस्केट कुणी फेकून दिला असेल तर परत बसवा. रेडिएटर अर्धा बुजलेला असेल तर मात्र यातलं काहीच पुरणार नाही.

जांबोटी, कणकुंबीच्या पावसात दोष उलट बाजूने येतो. रात्रभर बाहेर उभी राहिलेली गाडी सकाळी घेत नाही, कारण कॅपच्या आत दव धरलेलं असतं. कॅप काढून कोरड्या सुती कापडाने आतून-बाहेरून पुसा, प्लगच्या वायरी पुसा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवलंत तर वायरींवरून निळी ठिणगी सरपटताना दिसते. त्या वायरी बदला. कॅप आणि वायरींच्या टोकांना रबरी टोपणं घट्ट बसलेली हवीत.

काम झाल्यावर निकाल असा घ्या. गाडी गरम करून काकतीजवळचा वंटमुरी घाट किंवा निपाणीकडचे असाल तर तवंदी घाट पूर्ण ताकदीने चढा, वर सुरक्षित जागी बाजूला घेऊन, गिअर काढून, चावी लगेच बंद करा. इंजिन हात लावण्याइतकं निवलं की चारही प्लग काढून क्रमाने ठेवा. चारही फिके तपकिरी असतील तर झालं. चारही कोरडे काळे असतील तर मिश्रण जाड, चारही पांढरे असतील तर पातळ. एकच वेगळा असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. त्या एका सिलिंडरची वायर, प्लग, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा. ओला आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड, आणि ते काम या लेखाच्या बाहेरचं, इंजिन उघडायचं आहे.